किक मारू नगासा

पूर ओसरल्यावर अंगणात मला गाडी दिसली नाही. गाडीचा आकार दिसला. हँडल, टाकी, सीट, मागचं कॅरिअर, सगळ्यावर काळपट गाळाचा एकच सलग थर बसला होता. गणपतीच्या कारखान्यात रंगाची वाट बघत ओळीनं ठेवलेल्या मूर्ती असतात ना, डोळे न आखलेल्या, तशी ती कट्ट्यावर उभी होती. आरशाच्या दांडीला उसाचं पाचट गुंडाळलं होतं. पुढच्या चाकाच्या आऱ्यांत कुणाच्या तरी घरची चहाची गाळणी अडकली होती.

ही ऑगस्ट २०१९ ची गोष्ट. आम्ही सांगलीच्या गावभागातले. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं. २००५ च्या मोठ्या पुरात आमच्या अंगणातला कट्टा कोरडा राहिला होता आणि त्या एका आठवणीवर आम्ही सगळे निर्धास्त होतो. घर सोडताना मी गाडी त्याच कट्ट्यावर चढवली, मेन स्टँडवर लावली, हँडल लॉक केलं, पेट्रोलचा कॉक बंद केला. परतलो तेव्हा कट्ट्यावर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली होती. पुरातून सुटायला निघालेली माणसं पुरातच गेली. त्या बातमीपुढं दुचाकीचं दुःख तोंडानं बोलण्यासारखं नव्हतं. मी बोललोही नाही. घरात फरशीवर गाळ, कपाटं फुगलेली, घरातल्या वडीलधाऱ्या आबांच्या पोथ्यांचा लगदा झालेला. तरीही पाय वळले ते आधी गाडीकडंच. २००६ ची हिरो होंडा स्प्लेंडर. तेरा वर्षं तिनं मला रोज शाळेत नेलं होतं. वाटलं, एकदा किक मारून बघू. जिवंत आहे की नाही, एवढं तरी कळेल.

गमबुटातला पाय किकवर ठेवला आणि समोरच्या बोळातून ओरड आली, "सर, किक मारू नगासा!"

आमच्या गल्लीच्या तोंडाला ज्यांचं गॅरेज आहे ते मिस्त्री. त्यांचं स्वतःचं दुकान पत्र्यापर्यंत पाण्यात गेलेलं. गुडघाभर राडीतून ते पळत आले आणि माझा पाय किकवरून उतरेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. मग धापा टाकत म्हणाले, "मारलीसा का?"

"नाही."

"मग वाचली."

त्यांनी जे सांगितलं ते मी पुढं वर्गात कितीदा तरी सांगितलं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा तो पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो आणि ते आक्रसतं, जागा देतं. तिथं पाणी असेल तर ते जागा देत नाही. मग सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. पाणी कमी असलं तरी त्याच्याबरोबर गाळ असतो. पिस्टन एकदा जरी वरखाली झाला तरी तो गाळ सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे काढतो. पाण्यात बुडून गाडी मरत नाही, मिस्त्री म्हणाले, बाहेर काढल्यावर आपण तिला मारतो. त्या सकाळी गल्लोगल्ली किका बसत होत्या आणि त्यांना ते लांबूनही ऐकू येत होतं. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते मला अजून आठवतं.

सीटला हात लावायच्या आधी त्यांनी काठीनं टाकीवर, साइड पॅनेलवर, चाकावर टकटक केली. थोडं थांबून पुन्हा केली. सीटखालून एक दिवड निघाली, कट्ट्यावरून उतरली आणि गटारीकडं गेली. बिनविषारी, पाण्यातली. पण पुराच्या दिवसांत अशा खबदाडात घोणसही बसलेली असू शकते, तेव्हा हात घालण्याआधी काठी. पुढचे आठ दिवस कुठलीही वस्तू उचलण्याआधी आम्ही तशीच काठी वाजवायचो.

मग त्यांनी माझ्याकडं तांब्याभर स्वच्छ पाणी मागितलं. घरात तेव्हा पाणी टँकरचं, मोजून मिळणारं. मी दिलं. स्पार्क प्लगच्या भोवतीचा गाळ त्यांनी त्या पाण्याच्या बारीक धारेनं आणि एका जुन्या दातांच्या ब्रशनं काढला, फडक्यानं टिपला, आणि त्यानंतरच प्लगला पाना लावला. मला तोवर वाटत होतं की आधी प्लग काढावा आणि मग धुवावं. ते म्हणाले, "प्लग काढला की भोक उघडं पडतं. भोवतीची घाण कुठं जाईल?" प्लग निघाल्यावर भोकातून चमचाभर नवं इंजिन ऑइल आत सोडलं, म्हणजे आतलं लोखंड हवा लागून गंजणार नाही, आणि कापडाचा बोळा बसवला. बॅटरीच्या वायरी सोडवल्या, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. एवढं करून म्हणाले, "आता चार दिवस हात लावू नका. माझ्याकडं हिच्या आधी अठरा गाड्या आहेत. पण सर, वरचा गाळ वाळू देऊ नका."

हे मला कळलं नाही. वाळला तर झटकता येईल, असाच माझा हिशेब होता.

कळलं ते दुसऱ्या दिवशी, घरातल्या भांड्यांवरून. ऊन कडक पडलं होतं. ज्या पातेल्यांवरचा गाळ ओला होता ती एका विसळण्यात निघाली; जी उन्हात राहिली होती त्यांच्यावर सिमेंटसारखा थर धरला. आम्ही भूगोलात शिकवतो, की दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट झिजून काळी रेगूर झाली. त्या मातीतली चिकण इतकी बारीक असते की पाणी धरून फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हातभर भेगा पडतात त्या म्हणूनच. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा कऱ्हाडला कोयना घेते, आणि या खोऱ्यांतली ती चिकण पुराबरोबर आमच्या अंगणात येऊन बसली होती. वाळताना ती ज्या वस्तूवर बसली असेल तिला घट्ट आवळते. मग कोरड्या फडक्यानं घासलं तर प्रत्येक कण रंगावर वाळूकागदासारखा फिरतो. फळ्यावर पन्नास वेळा लिहिलेलं मला तेव्हा पातेल्यानं शिकवलं.

मी गोणपाटं भिजवली आणि गाडीवर टाकली. सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर वापरलेलं, पण निवळलेलं पाणी शिंपडायचं. बायकोनं एकदा विचारलं, "ताप आलेल्या माणसाच्या कपाळावरची घडी बदलल्यासारखं काय करताय?" मला त्याचं उत्तर सुचलं नाही. पण ती दुसऱ्या दिवशी स्वतःच पाणी शिंपडून आली.

चार दिवसांचे सात झाले. मिस्त्रींच्या दुकानासमोरची रांग वाढतच होती. मिरज, तासगाव, विटा अशा कोरड्या गावांतले फिटर मदतीला आले होते, कंपन्यांच्या गाड्याही आल्या होत्या, पण बुडालेल्या गाड्यांना काही गणती नव्हती. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "वरचं धुणं तुम्हीच करा. इंजिन मी बघतो. पण मी सांगतो तसं करा."

धुवायला बसलो तेव्हा आबा बाहेर खुर्ची टाकून बसले. आबा तेव्हा ऐंशीच्या पुढं होते. हरिपूरच्या अलीकडं आमचं थोडं शेत होतं, त्यात दोन बैल होते. मी दहावीत असताना ते विकले गेले. आमच्याकडं पोळ्यापेक्षा बेंदूर मोठा. बेंदराला आबा बैल नदीवर न्यायचे आणि मी मागं घागर घेऊन. मी बादली ओतून लगेच ब्रश उचलला तसा आबांचा आवाज आला, "काय करतोस? भिजू दे की."

"भिजलंय आबा."

"वरनं भिजलंय. जनावर नदीत उभं केल्यावर तंबाखू खाऊन होईस्तोवर आपण हात लावायचा नाही. मांडीवरचं शेण आपणहून सुटतं. घासलं की केस निघतात, खाली कातडं लाल होतं, मग माश्या बसतात."

त्यांनी चंची सोडली. पान नाही, नुसता चुना आणि तंबाखू. मळून होईपर्यंत, तोंडात टाकून होईपर्यंत मी ब्रश हातात घेऊन उभा. आणि खरोखरच टाकीवरचा थर खालून सुटू लागला. त्याची एक मोठी सलग खपली घसरली आणि तिच्याखाली माझी तेरा वर्षांची काळी टाकी, तिच्यावरची ओळखीची पोच, २०११ च्या बेळगावच्या प्रवासात पडलेली, तशीच.

मराठीत धुण्याला किती शब्द आहेत हे मी त्या दिवशी हातानं शिकलो. भिजत घालायचं, विसळायचं, खंगाळायचं, चोळायचं, घासायचं, खरवडायचं, पुसायचं, टिपायचं. आपण हे एकाच कामाचे शब्द धरून चालतो, पण यातला प्रत्येक हाताचा वेगळा जोर आहे आणि गाडीवर प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. टाकी विसळायची, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्यानं चोळायची, घासायची नाही. तेही गाड्यांचा सौम्य शाम्पू घालून, कारण धुण्याचा सोडा रंगाची चकाकी मारतो आणि अॅल्युमिनियमला लागला तर ते काळं-पांढरं पडतं. कॉस्टिक तर इंजिनजवळ आणूच नये, ते अॅल्युमिनियम खातं. खरवडायचं फक्त इंजिनच्या पात्यांमध्ये, जिथं गाळ खोल भरला आहे तिथं, आणि तेही बांबूच्या कामटीनं. स्क्रू ड्रायव्हर घातला तर पातं मोडतं. ती पाती कुणी शोभेला केलेली नाहीत. इंजिनची उष्णता तिथून वाऱ्याला जाते. पात्यात गाळ राहिला तर इंजिन स्वेटर घातल्यासारखं उकळत राहील. टिपायचं दिव्यांच्या आत, जोडण्यांत, जिथं पुसायला गेलं तर तार तुटेल तिथं.

मळालाही तितकेच शब्द. मी एकेक थर काढत गेलो आणि ते सापडत गेले. सगळ्यांत वर पुराचा गाळ. त्याच्याखाली चाकांच्या मडगार्डात वर्षानुवर्षांचा चिखल, लाल-काळा, कोकणातल्या एका सहलीचा जांभाही त्यात होता. त्याच्याखाली डांबराचे ठिपके. त्यावर जरा रॉकेल लावून ठेवलं की ते मऊ पडतात आणि फडक्याला येतात, नखानं किंवा पातीनं काढायला गेलं तर रंग घेऊनच येतात. चेनजवळ किटण: जुनं वंगण, धूळ आणि लोखंडाचा बारीक कीस एक होऊन झालेलं काळं, मेणचट. सायलेन्सरच्या तोंडाला काजळी. आणि सीटच्या कडेनं ओशट, माणसाच्या बसण्याचा, कपड्यांचा, घामाचा मळ. पुरानं तेरा वर्षांच्या मळावर आणखी एक थर चढवला होता, इतकंच. खालचे सगळे मी साठू दिले होते.

गल्लीतली बरीच पोरं गाड्या वॉशिंग सेंटरला नेत होती. तिथला पाण्याचा फवारा शंभर बारच्या पुढच्या दाबाचा असतो. तुमच्या-माझ्या गाडीच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते. तो फवारा गाळ क्षणात उडवतो यात शंकाच नाही. पण उडालेला गाळ सगळाच बाहेर जात नाही. आबांनी त्या दुपारी मिस्त्रींना जे विचारलं ते मला आजही त्या सगळ्यातलं नेमकं वाटतं. ते म्हणाले, "मिस्त्री, बैलाचा खांदा जपायचा असतो, जू तिथं बसतं. धुतानासुद्धा तिथं हात हलका. गाडीचा खांदा कुठला?"

मिस्त्री थोडा वेळ गाडीकडं बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी बोटानं दाखवलं. हँडलच्या खाली मानेत गोट्या असतात, ती जागा. दोन्ही चाकांच्या मध्यात बेअरिंग, त्या जागा. मागच्या चाकाचा काटा जिथं चासीला जोडलेला असतो ती पिन. भार तिथं बसतो, फिरतं तिथं, आणि आत ग्रीस असतं. रबराचं एक पातळ सील पाणी बाहेर ठेवतं. पावसाच्या पाण्याला, नळाच्या धारेला ते पुरतं. शंभर बारला नाही. फवारा सील ओलांडून ग्रीस धुऊन काढतो आणि त्या जागी पाणी व चिकण भरतो. गाडी चकचकीत दिसते आणि दोन महिन्यांनी वळणावर हँडल अडकल्यासारखं होतं. आबांनी मान हलवली. "म्हणजे तिथं हात हलका," ते म्हणाले.

आमच्या गाडीचे खांदे मात्र सहा दिवस पाण्याखाली होते. सील असो नसो, गाळ आत गेलेलाच. म्हणून ते सगळे उघडले, रॉकेलनं धुतले, जे खरखरत होते ते बदलले, नवं ग्रीस भरलं. दोन्ही चाकं काढून ब्रेकचे ड्रम उघडले तर आत खरवसासारखा गाळ थापलेला. माझा जुना शिरस्ता असा, की ड्रम उघडला की फुंकर मारायची. मिस्त्रींनी माझं तोंड हातानं बाजूला केलं. ब्रेक शूची धूळ छातीत घ्यायची नसते. जुन्या लायनरांत तर अस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं टाकून द्यायचं. आणि रॉकेल, डिझेल, ग्रीस यांतलं काहीही शूला लागता कामा नये. लागलं तर धुऊन जात नाही, शूच बदलावे लागतात, कारण तेल प्यालेला ब्रेक उतारावर धरत नाही.

आता पेट्रोलचं सांगतो, कारण हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. बुडालेल्या टाकीतलं पेट्रोल काढावंच लागतं. पाणी पेट्रोलच्या खाली बसतं आणि कार्बोरेटरला आधी तेच मिळतं. असं काढलेलं पेट्रोल त्या दिवसांत दारोदारी डब्यांत, बादल्यांत उघडं पडलेलं असायचं आणि त्यातच पोरं चेन, कार्बोरेटर, हातसुद्धा धूत होती. घाण भराभर निघते, हे खरंच आहे. पण पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यानं वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत जाते. गावात वीज नव्हती. संध्याकाळ झाली की घराघरांत मेणबत्त्या आणि चिमण्या लागायच्या, त्याही जमिनीवर ठेवलेल्या. शेजारच्या ओसरीत मी असं एक उघडं घमेलं आणि दहा-बारा फुटांवर पेटती मेणबत्ती बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. मी आवाज चढवून त्या मुलाला बाहेर काढलं. तो माझा विद्यार्थी होता. वर्गात मी कधी असा ओरडलो नव्हतो. रॉकेल किंवा डिझेल घ्या, मोकळ्या जागेत घ्या, आणि पेट्रोल झाकणाच्या डब्यात बंद करून घरापासून लांब ठेवा, एवढंच त्याला सांगितलं. रॉकेल साध्या तापमानाला इतक्या सहजी पेटत नाही. काम हळू होतं, होऊ दे.

चेनच्या बाबतीत माझ्याजवळ याहून जुनी जखम आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं धरलं होतं. चेन आपोआप फिरते, फडकं एका जागी धरून ठेवलं की साफ होते, असं त्यानं कुणाकडून तरी बघितलं होतं. फडक्याचं टोक स्प्रॉकेटच्या दातात गेलं आणि फडक्याबरोबर बोटं. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. तो आज चांगला सुतार आहे, डाव्या हातानं रंधा धरतो, आणि मला भेटला की नमस्कार करताना उजवा हात डाव्या हातात झाकतो. म्हणून आमच्या घरात नियम आहे: चेन साफ करताना चावी खिशात, गाडी न्यूट्रलला, चाक एका हातानं फिरवायचं आणि थांबवून मगच ब्रश लावायचा. चेनवरच्या वंगणात गाळ मिसळला की ते वंगण राहत नाही, पॉलिशची पेस्ट होते. प्रत्येक फेऱ्यात कडी आणि दात झिजवते. स्प्लेंडरच्या चेनला पूर्ण कव्हर असतं, त्यामुळं पाऊस आत येत नाही, आणि आत आलेला पूर बाहेरही जात नाही. ते कव्हर उघडलं तेव्हा आतून ओंजळभर चिकण पडली. तीन वेळा रॉकेल, तीन वेळा फडकं, एक रात्र वाळू दिली आणि मग नव्वद नंबरचं ऑइल, कडीकडीला थेंब थेंब, जास्तीचं पुसून.

या सगळ्यात माझ्या अंगठ्याला मडगार्डच्या कडेनं कापलं. एरवी मी पाण्याखाली धरून कामाला लागलो असतो. पण पुराच्या गाळात गटार असतं, मेलेली जनावरं असतात, उंदरांचं मूत असतं, आणि लेप्टोस्पायरोसिस अशाच कापल्या-खरचटल्या जागेतून अंगात शिरतो. दारात आलेल्या आरोग्य सेविकेनं माझा हात बघितला आणि काही न बोलता बसवलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, साबणानं धुणं, गोळ्या, आणि रबरी हातमोजे. तिच्याकडं त्या दिवशी आमच्या गल्लीतली साठ घरं होती. हातमोजे माझ्या पिशवीत आधीपासून होते. मी ते काढून ठेवले होते, कारण त्यांतून गाडी हाताला कळत नाही असं मला वाटायचं. तिच्यासमोर ते घातले आणि पुढं शेवटपर्यंत काढले नाहीत.

इंजिनचं काम मिस्त्रींनी नवव्या दिवशी हातात घेतलं. ऑइलचा खालचा बोल्ट सोडल्यावर आधी गढूळ पाणी आलं, मग दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं काहीतरी, दाट, फेसाळ. तेल आणि पाणी घुसळून होतं तसं. ते एका डब्यात धरलं. स्वस्तातलं ऑइल आणि थोडं डिझेल आत घातलं, प्लग काढलेलाच ठेवून किक हातानं हलकेच दाबत इंजिन फिरवलं. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली, मग तुषार, मग नुसती हवा. पुन्हा सोडलं, पुन्हा भरलं. तीन वेळा. तिसऱ्या खेपेला आलेलं ऑइल बोटांत चोळून बघितलं, खरखर लागली नाही, तेव्हा त्यांनी बोल्ट आवळला आणि नवं ऑइल घातलं.

ते डबे मात्र पायात येत भरत गेले होते: घाण ऑइल, गढूळ डिझेल, चेन धुतलेलं रॉकेल. गटार चार पावलांवर होती आणि गटारीतून नदी पाच मिनिटांवर. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी तिथंच ओतलं, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. प्रत्येकाच्या घरात गाळ होता, डबा ठेवायला कोरडी फूटभर जागा नव्हती. पण नदीनं आपल्याला चिकण दिली, आपण तिला ऑइल द्यायचं, हे मला सोसवलं नाही. मिस्त्रींच्या ओळखीचा एक सेंट्रिंगवाला जुनं ऑइल फळ्यांना लावायला नेतो. स्लॅबचं काँक्रीट फळीला चिकटू नये म्हणून. त्याच्याकडं आम्ही गल्लीतले सापडतील तेवढे डबे पोचवले. कृष्णेच्या मानानं तो थेंबही नसेल, पण आमच्या हातात तेवढाच होता.

गाडी पहिल्या किकला नाही लागली, सातव्या की आठव्या किकला लागली. मी मोजत होतो आणि तरीही आकडा विसरलो. सायलेन्सरमधून आधी उरलेलं पाणी आलं, मग पांढरा धूर, आणि मग तो आवाज, संथ, एकसारखा, जो मी तेरा वर्षं ऐकला होता आणि कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. मिस्त्रींनी ती पाच मिनिटं चालू ठेवली, बंद केली, ऑइल बघितलं. म्हणाले, "शंभर किलोमीटर झाले की परत बदला. आणि आता हळू चालवत, ब्रेक दाबत दाबत एक फेरी मारा. ड्रम ओले असतील." मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि आलो. दोन्ही बाजूंना गाद्या, फ्रीज, वह्या, देवांच्या तसबिरी वाळत होत्या. कुणी मान वर करून बघितलं, कुणी नाही.

मीटरच्या काचेच्या आत गाळाची एक आडवी रेघ राहिली. ती काच उघडत नाही, बदलावी लागते. मी बदलली नाही. त्या वर्षी खंडेनवमीला झेंडूचा हार घालताना मुलीनं ती रेघ पुसायचा प्रयत्न केला आणि आतून आहे म्हटल्यावर तिथंच हळद-कुंकू लावलं.

जुलै २०२१ मध्ये पाऊस पुन्हा तसाच लागला. या खेपेला मी कट्ट्यावर विश्वास टाकला नाही. पुलापाशी पाणी ३५ फुटांवर आल्याचं कळताच गाडी मिरजेला मेव्हण्याकडं पहिल्या मजल्यावर चढवून ठेवली, चौघांनी धरून, आणि सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी बांधली. पाणी ५४ फुटांच्या पुढं गेलं. घरात आलं, पण दोन वर्षांपूर्वीइतकं नाही. ओसरल्यावर मी गाडी घेऊन परत आलो. इंजिन कोरडं होतं, ब्रेक ठीक होते, फक्त गल्लीतल्या राडीतून येताना चाकांपासून टाकीपर्यंत ती नव्यानं माखली.

आबा ओसरीत बसले होते. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. मी कट्ट्यावर गाडी लावली, काठीनं दोनदा टकटक केली, वरून एक बादली हलक्या हातानं ओतली आणि दुसरी भरायला वळलो.

"मेन स्टँडवर आहे का?" आबांनी विचारलं.

"आहे."

"इंजिन गार झालंय?"

मी हात लावून बघितला. "झालंय."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि चंची सोडली.